जागतिक साहित्याचा मापदंड कुणाच्या हातात?

धागाकर्ता:
जानेवारी १८२७ मध्ये जर्मन कवी ग्योथे आपला सहायक एकरमान याला म्हणाला, आता जागतिक साहित्याचं युग आलंय. तेव्हा तो एक चिनी कादंबरी वाचत होता. हे कौतुकानं सगळे सांगतात. त्याच संभाषणात पुढे तो म्हणतो की नमुना हवा असेल तर प्राचीन ग्रीकांकडेच परतायचं, बाकीचं केवळ इतिहास म्हणून पाहायचं. ही वाटणी अजून मोडलेली नाही. युरोपातली कादंबरी कला म्हणून शिकवतात, आफ्रिकेतली 'तिथला समाज कळावा' म्हणून. मला हे संतापजनक वाटतं.

प्रतिसाद १:
असहमत. ही विषमता जागतिक साहित्याच्या अभ्यासकांनीच उघड केली. साहित्यव्यवस्था एक आहे पण विषम आहे, हे इटालियन समीक्षक फ्रँको मोरेट्टीनं २००० मध्ये स्पष्ट लिहिलं. आणि सगळं इंग्रजीतून जातं अशी तक्रार असेल, तर इंग्रजीशिवाय कोरियन कादंबरी अरबी वाचकापर्यंत जाणार कशी? लहान भाषांना थेट अनुवादक मिळत नाहीत. मधली भाषा लागतेच.

धागाकर्ता:
मधली भाषा लागते, मान्य. पण ती नुसता पूल राहत नाही, तिथे तपासणी नाका बसतो. अनुवादित पुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कारासाठी पुस्तक इंग्रजीत आणि ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित असावं लागतं. म्हणजे परीक्षकांच्या आधी तिथल्या प्रकाशकानं निवड केलेली असते. आणि मोरेट्टीच्या मांडणीत रूप, म्हणजे कादंबरीचा साचा, बहुतेक पश्चिमेकडून येतं, इतरांच्या वाट्याला स्थानिक आशय! मौखिक परंपरांतून आलेली कथनरीती त्यात कुठे बसते?

प्रतिसाद २:
यावर केनियातल्या नैरोबीचं उदाहरण बघा. १९६८ मध्ये लेखक न्गुगी वा थिओंगो आणि दोन सहकाऱ्यांनी विद्यापीठाचा इंग्रजी विभागच बंद करा अशी मागणी केली. युरोप हाकलून द्या असं त्यात नव्हतं. आफ्रिका मध्यभागी ठेवा, मौखिक साहित्य शिकवा, इतरांचं साहित्य त्या संदर्भात वाचा, एवढंच. पुढे तिथे साहित्य विभाग उभा राहिला. अभ्यासक्रमाच्या यादीत चार नावं वाढवण्यापेक्षा हे कितीतरी मूलगामी आहे.

प्रतिसाद १:
नैरोबीबद्दल आदर आहे. तरी केंद्र राहिलंच, फक्त हललं. फारसी, अरबी, चिनी यांनीही शेजारच्या भाषांवर शतकानुशतकं वर्चस्व गाजवलं, त्याचा हिशोब या चर्चेत कुणी मांडत नाही.

प्रतिसाद २:
जरूर मांडूया. पण आज त्या फारसी कवितेचाही अभ्यास जगभर मान्य व्हायचा तर प्रबंध इंग्रजीत लिहावा लागतो.