मदत हवी आहे: बीएस ६ डिझेलचा डीपीएफ आणि विंडोज १० चा संगणक

मंडळी, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वावर कापूस-तुरीचं आहे आणि गावात लोकांची ऑनलाइन कामं करून देणारं छोटं सेवा केंद्र चालवतो. दोन गोष्टींवर जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आधी गाडी. घरी बीएस ६ (धुराच्या नव्या कडक नियमांची) डिझेल गाडी आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. आमचं फिरणं म्हणजे घर ते वावर, वावर ते बाजार. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर; तो साफ व्हायला आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, त्यासाठी गाडी एका दमात बराच वेळ पळायला हवी. पांदण रस्त्यावर ते कसं व्हायचं? मग डॅशबोर्डवर डीपीएफचा इशारा-दिवा लागतो, गाडी ओढत नाही. तालुक्याचा मिस्त्री जुन्या जीपचा आजार नुसत्या आवाजावरून सांगतो, पण इथे स्कॅनर लागतो म्हणून त्यानेही हात टेकले. बाबांना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि नेमका तेव्हाच दिवा लागला तर, ही धास्ती सतत असते.

डीपीएफ काढून टाका असं बरेच जण सांगतात. ते करणार नाही. बेकायदा आहे, आणि तो धूर आमचीच लेकरं घेणार. २०१८ ची बीएस ४ डिझेल पाहिली. त्या काळच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत डीपीएफ नसतो. पण एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) आणि चालकाची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये घरच्यांना बसवायला मन धजत नाही. पेट्रोल घेतली तर खताची पोती भरून चिखलातून निघेल का?

आता संगणक. सातव्या पिढीचा आय ५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम, उत्तम चालतो. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे धडधाकट यंत्र बाद. नाव नोंदवून सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यापुढे काय? म्हाताऱ्यांचे आधार क्रमांक, बँकेचे तपशील या यंत्रावर टाइप होतात, त्यामुळे अपडेटशिवाय चालवणं मला पटत नाही. विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिली, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड छान चालतो. अडतं ते अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्रापाशी. माझ्याकडच्या यंत्राचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज आणि अँड्रॉइडचं आहे.

तर विचारायचं हे:

आठवड्यातून एकदा यवतमाळपर्यंत एका वेगाने गाडी नेली तर डीपीएफला पुरतं का? असं कोणी नियमित करत असेल तर अनुभव सांगा. कधीकधी अर्धवट सफाईत डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं म्हणतात. मग ऑइल किती लवकर बदलता?

आणि सेवा केंद्रवाल्यांनो, अंगठा मोबाइलवर आणि बाकीचं काम मिंटवर, अशी विभागणी कोणी केली आहे का? प्रिंटर आणि डिजिटल सहीचं टोकन त्यात चालतं का?