'पाणी देणं' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: जुन्या बाजारातून ट्रकच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा) तुकडा आणलाय, घरीच छोटी हातकुऱ्हाड करतोय. भोसरीच्या कारखान्यातले एक दादा म्हणाले, 'आधी पाणी दे, मग टेंपर कर.' गावाकडचे लोहारकाका मात्र सगळ्याला मिळून 'पाणी देणं' म्हणायचे. बरोबर कोण? आणि पाट्याला तेलात बुडवायचं, तर 'पाणी दिलं' कसं म्हणायचं?

उत्तर: दोघंही बरोबर आहेत. काकांचं काम एकाच तावात, म्हणजे एकदाच तापवून व्हायचं. कुऱ्हाडीचं फक्त तोंड लाल करायचं, तेवढंच बुडवायचं, बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून उजळायचं आणि बघत राहायचं. माथ्यात राहिलेली धग धारेकडे सरकते तसे रंग चालत येतात. फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. तपकिरीवरून जांभळ्याकडे झुकला की पुन्हा बुडवायची. हा रंग साधारण २७० अंशांचा. कारखान्यात हीच दोन कामं, म्हणजे लाल पोलाद बुडवून कडक करणं (पाणी देणं) आणि मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणं (टेंपर), वेगळी होतात, म्हणून दादांना दोन शब्द लागतात.

आता तेलाचं. 'तेलात पाणी दिलं' हे अगदी शुद्ध मराठी आहे! इथे पाणी म्हणजे हंड्यातलं पाणी नव्हे, पोलादाच्या अंगी येणारं तेज. पाणीदार मोती, एखाद्याचं पाणी जोखणं, यांतलं पाणी तेच. फारसीतला 'आब' म्हणजेही पाणीच, आणि आपण आब राखतोच की.

याहून जुना पुरावा सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात शस्त्रांची 'पायना' तीन प्रकारची सांगितली आहे: क्षारात, पाण्यात आणि तेलात. पायना म्हणजे पाजणं. आपण धार 'पाजवतो' तेव्हा तीच कल्पना बोलत असतो. टेंपरला नवा शब्द घडवण्यापेक्षा मला हा जुना शब्द जवळचा वाटतो.

माझी पहिली कुऱ्हाड मी याच पाट्याची केली आणि 'पाणी' शब्द खरा धरून बादलीत बुडवली. टिंग असा बारीक आवाज आला. धारेपासून आत केसाएवढी चीर! म्हणून तुम्ही तेलच घ्या, जरा कोमट. लोहचुंबक चिकटेनासं झालं (७७० अंशांच्या आसपास होतं हे) की आणखी थोडं तापवून मग बुडवा. थंड झाल्यावर धारेवर कानस फिरवा. चावली नाही, नुसती घसरली, तर पाणी बसलं.

प्रश्नकर्ता: धन्यवाद काका. ग्राइंडरवर धार निळी पडली तर?

उत्तर: मग 'पाणी उतरलं', म्हणजे धार जास्त तापून मऊ पडली. पुन्हा भट्टी पेटवा.