पीएचडी कोर्सवर्कचा मॅक्रो: बेलमन वाचून कळतं, सोडवायला बसलं की अडतं

घोडबंदर_रोड:
नमस्कार मंडळी. ठाण्यात राहते, नोकरी सांभाळून पीएचडी करतेय. कोर्सवर्कमध्ये मॅक्रोचा पेपर आहे. एमएला आयएस-एलएम आणि सोलो या सुरुवातीच्या मॉडेलांपर्यंतच मजल होती, इथे पहिल्याच आठवड्यात रॅम्से आणि बेलमन सुरू झाले. तीन ठिकाणी अडलंय. एक, बेलमन समीकरण (आजचा निर्णय आणि उद्यापासूनचं मूल्य जोडणारं) वर्गात पटतं, पण कोऱ्या कागदावर सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही. दोन, डायनेअरमध्ये (अशी मॉडेलं सोडवणारं सॉफ्टवेअर) साधं आरबीसी, म्हणजे रिअल बिझनेस सायकल मॉडेल लिहिलं तर ब्लँचार्ड-कान अटी (एकच स्थिर उत्तर असण्याच्या अटी) पूर्ण होत नाहीत असा एरर येतो, आणि समीकरणं तर पुस्तकातलीच आहेत. तीन, गाईड म्हणतात कॅलिब्रेशन (मॉडेलचे गुणक आकड्यांवरून ठरवणं) भारताच्या आकड्यांवर करा. कुठले आकडे घ्यायचे आणि कुठल्या आकड्यांपासून सावध राहायचं? ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज जाऊन-येऊन तासभर मिळतो, तो कशाला वापरावा तेही सांगा.

नेरूळ_पूर्व:
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. सुरुवात अशा मॉडेलपासून करा ज्याचं उत्तर हाताने निघतं. ब्रॉक आणि मिरमन यांचं १९७२ चं मॉडेल घ्या: युटिलिटी लॉग, घसारा शंभर टक्के, उत्पादन म्हणजे भांडवलाचा अल्फा घात. अनिश्चितता तूर्त बाजूला ठेवा.

व्हॅल्यू फंक्शनचं (आजपासून पुढे मिळू शकणाऱ्या सगळ्या युटिलिटीची सर्वोत्तम बेरीज) रूप 'ए अधिक बी गुणिले लॉग भांडवल' असेल असं गृहीत धरा. उद्याच्या भांडवलाच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह शून्य केलं की एका बाजूला 'एक भागिले आजचा उपभोग' येतो, दुसऱ्या बाजूला 'बीटा गुणिले बी भागिले उद्याचं भांडवल' (बीटा म्हणजे भविष्याला आज दिलेलं वजन). त्यातून उद्याचं भांडवल म्हणजे उत्पादनाचा एक ठरावीक हिस्सा, असं निघतं. ते मूळ समीकरणात परत घाला आणि दोन्ही बाजूंचे लॉग भांडवलाचे गुणक जुळवा. बी म्हणजे अल्फा भागिले (१ वजा अल्फा-बीटा), आणि बचतीचा हिस्सा बरोबर अल्फा गुणिले बीटा. अल्फा ०.३३ आणि बीटा ०.९६ धरलं तर उत्पादनाच्या ३१.६८ टक्के बचत, बी ०.४८३, आणि स्टेडी स्टेटचं (जिथे पोहोचल्यावर ते बदलत नाही) भांडवल सुमारे ०.१८. हे सगळं न बघता एका पानात लिहिता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

मग तेच यंत्राकडून काढून घ्या. ०.०९ ते ०.२७ अशी ५०० बिंदूंची ग्रिड, शून्यापासून व्हॅल्यू फंक्शन इटरेशन (अंदाज समीकरणात पुन्हा पुन्हा घालून सुधारत नेणं). आलेला पॉलिसी रूल (आजच्या भांडवलावरून उद्याचं सांगणारा नियम) ३१.६८ टक्क्यांच्या रेषेशेजारी काढून बघा. फरक ग्रिडच्या एका पायरीएवढाच राहिला पाहिजे. जास्त असेल तर कोड चुकलाय, आणि तो नेमका कुठे चुकला हे इथेच सापडतं, कारण खरं उत्तर तुमच्या हातात आहे. ग्रिड रुंद केलीत, समजा १ पर्यंत नेलीत, तर काही जोड्यांना उपभोग ऋण होतो. तिथे लॉग घेण्याआधी उणे दहाचा दहावा घात वगैरे मोठी ऋण किंमत टाका. काही सॉफ्टवेअर ऋण संख्येचा लॉग काल्पनिक संख्येत देतात आणि कोड निमूटपणे चुकीचं उत्तर काढत राहतो.

थांबण्याच्या निकषाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. प्रत्येक फेरीत खऱ्या उत्तरापासूनचं अंतर निदान बीटाच्या पटीत कमी होतं, म्हणजे ते मूळच्या दशलक्षांश व्हायला बीटा ०.९६ असेल तर सुमारे ३४० फेऱ्या पुरतात, ०.९९ असेल तर जवळजवळ १,३७५ लागू शकतात. शिवाय लागोपाठच्या दोन फेऱ्यांतला फरक म्हणजे खऱ्या उत्तरापासूनचं अंतर नव्हे. ते अंतर त्या फरकाच्या बीटा भागिले (१ वजा बीटा) पट असू शकतं. बीटा ०.९९ असलेल्या तिमाही मॉडेलमध्ये ही पट ९९ होते.

खारघर_सेक्टर_१२:
डायनेअरबद्दल. पुस्तकातली समीकरणं जशीच्या तशी उतरवली, हेच कारण असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पुस्तकात या काळाचं भांडवल मागच्या काळात ठरलेलं असतं, तरी त्याला चालू काळाचा टी लावतात. डायनेअर मात्र चल कधी ठरला ते बघतं. म्हणून उत्पादनाच्या समीकरणात के(-१) हवा (के म्हणजे भांडवल), आणि नव्या भांडवलाला नुसता के. तुम्ही के आणि के(+१) लिहिलं असेल तर डायनेअर भांडवलालाही उडी मारणारा (आजच्या आज बदलू शकणारा) चल समजतं. उड्या मारणारे चल एकने वाढतात, एकाहून मोठ्या आयगनव्हॅल्यू (मार्ग किती दिशांनी फुटतो ते सांगणारे आकडे) तेवढ्याच राहतात, आणि इनडिटर्मिनसीचा, म्हणजे उत्तर एकमेव नसल्याचा, संदेश येतो. टी बदलायचे नसतील तर प्रीडिटरमाइंड_व्हेरिएबल्स ही आज्ञा आहे. पण सुरुवातीला हातानेच बदला, सवय लागते.

'चेक' आज्ञा चालवून मोजणी वाचत जा. साध्या आरबीसीत श्रम स्थिर ठेवले तर दोन चल पुढे बघणारे दिसतील: उपभोग आणि तंत्रज्ञान. तंत्रज्ञानाला घाबरू नका, ऑयलर समीकरणात (आजच्या आणि उद्याच्या उपभोगाचा तोल सांगणाऱ्या) ते उद्याच्या तारखेने येतं म्हणून मोजलं जातं, आणि त्याच्या वाट्याची आयगनव्हॅल्यू अनंत दाखवली जाते.

स्टेडी स्टेट यंत्रावर सोडू नका. अल्फा ०.३३, बीटा ०.९९, घसारा ०.०२५ घेतलात तर भांडवल २८.३५, उत्पादन ३.०१५, उपभोग २.३०७ यायला हवं. ही सूत्रं स्टेडी_स्टेट_मॉडेलच्या भागात स्वतः लिहा. इनिटव्हॅलमध्ये (सुरुवातीच्या किमतींचा भाग) अंदाजे आकडे टाकले की लहान मॉडेल चालून जातं, मोठं मध्येच अडकतं.

आणखी एक जागा, जिथे एरर येतच नाही. धक्क्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.००७ असेल तर ते एसटीडीईआरआर म्हणून द्या. व्हॅर बरोबर चिन्हापुढे ०.००७ लिहिलं तर तो व्हेरियन्स होतो, स्टँडर्ड डेव्हिएशन ०.०८४ बनतं, म्हणजे सगळे चढउतार बारा पट.

पुढे न्यू केन्सियन (चिकट, म्हणजे लगेच न बदलणाऱ्या किमतींचं) मॉडेल आलं की हाच ब्लँचार्ड-कान एरर पुन्हा भेटेल, आणि तेव्हा कोड बिनचूक असू शकतो. टेलर रूलमध्ये (महागाई बघून व्याजदर ठरवणारा नियम) महागाईचा गुणक १.५ ऐवजी ०.९ ठेवून बघा. व्याजदर महागाईपेक्षा कमी वाढतो, खरा व्याजदर उतरतो, मागणी आणखी फुगते, आणि समतोल एकमेव राहत नाही. मॉडेलच ते सांगत असतं, म्हणून संदेश आला की आधी गुणक तपासा.

कळवा_नाका:
भारताचे आकडे. जीडीपीची अधिकृत तिमाही मालिका मोसमी चढउतार काढून दिलेली नसते. आधी एक्स-१३ ने मोसम काढा, मग लॉग, मग एचपी फिल्टर (ट्रेंड आणि चक्र वेगळं करणारा) १६०० वर. हा क्रम उलटला तर खरीप-रब्बीची लय तुमच्या व्यापारचक्रात जाऊन बसते. एप्रिल-जून २०२० ची सुमारे २४ टक्क्यांची घसरण फिल्टरमध्ये तशीच घातलीत तर ट्रेंड खाली ओढला जातो आणि २०१९ मध्ये नसलेली तेजी दिसू लागते. २०१९-२० पर्यंतचे आणि पूर्ण मालिकेचे, असे दोन्ही निकाल द्या.

व्याजदराला रेपो सरसकट घेऊ नका. रेपो हा एकमेव स्वतंत्र धोरणदर मे २०११ पासून आहे. त्याआधी कधी रेपो, कधी रिव्हर्स रेपो परिणामकारक असायचा, म्हणून लांब मालिकेला कॉल मनीचा (बँकांची आपसातली एका रात्रीची उसनवारी) भारित सरासरी दर बरा. ४ टक्के, अधिक-उणे २, हे महागाईचं लक्ष्य २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतरचं. त्याच्या आधीचा आणि नंतरचा काळ एकत्र करून एकच टेलर रूल काढला तर लुकास यांच्या १९७६ च्या टीकेत (धोरण बदललं की जुन्या आकड्यांवरचे गुणक टिकत नाहीत) आपणच अडकतो. २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्य आणि पेयांचा वाटा ४५.८६ टक्के आहे, म्हणजे पाऊस लांबला की एकूण महागाई हलते. मॉडेलमध्ये एकच चिकट किमतीचं क्षेत्र असेल तर त्याला कोअर (खाद्य आणि इंधन वगळून) महागाई जास्त जुळते.

अल्फाबद्दल, म्हणजे उत्पन्नातल्या भांडवलाच्या वाट्याबद्दल, मी आग्रही आहे. पगाराचा जीडीपीतला वाटा वजा करून उरलेलं सगळं भांडवलाचं, असं धरलं तर अल्फा खूप मोठा येतो, कारण रिक्षावाले, दुकानदार, शेतकरी यांच्या मिश्र उत्पन्नात त्यांची स्वतःची मजुरीही असते. गोलिन यांनी २००२ मध्ये यासाठी दुरुस्त्या सुचवल्या, त्या वापरा आणि कोणती वापरली ते लिहा. कामाच्या तासांची मोठी तिमाही मालिका आपल्याकडे नाही. पीएलएफएस (सरकारचं श्रमबळ सर्वेक्षण) २०१७-१८ पासून आहे. तासांच्या चढउतारावर प्रबंधाचा निष्कर्ष टेकवू नका.

लोकलमध्ये शोधनिबंधांची प्रस्तावना आणि मॉडेलचा भाग वाचा, डेरिव्हेशन नको. त्याला टेबल आणि सलग दोन तास लागतात.

घोडबंदर_रोड:
के(-१) केल्यावर मॉडेल चाललं, भांडवल २८.३५ आलं. मनापासून आभार! एकच शंका: ट्रान्सव्हर्सॅलिटीची अट (कधीच न वापरली जाणारी संपत्ती शेवटी उरू नये) लिहिली नाही की गुण जातात. ऑयलर आणि बजेट असताना तिची गरज काय?

नेरूळ_पूर्व:
त्या दोघांतून एक मार्ग ठरत नाही, सुरुवातीच्या उपभोगाच्या प्रत्येक किमतीला एक वेगळा मार्ग मिळतो. आता मॉडेल हाताशी आहेच, तर धक्के काढून टाका आणि भांडवल १४ पासून सुरू करा. उपभोग थोडा जास्त निवडलात तर भांडवल मध्येच उतरू लागतं आणि काही काळाने संपतं. थोडा कमी निवडलात तर भांडवल २८.३५ ओलांडतं, तिथून उपभोग घटत जातो, आणि कोणी कधीच न खाणारी संपत्ती साठत राहते. दोन्ही मार्ग ऑयलर पाळतात. पहिला भांडवल ऋण होऊ शकत नाही म्हणून बाद, दुसरा ट्रान्सव्हर्सॅलिटीने बाद. संगणकावर हेच शूटिंग: भांडवल उतरलं तर वरची मर्यादा खाली आणा, २८.३५ ओलांडलं तर खालची वर न्या, दरवेळी मधला आकडा घ्या. पन्नासेक वेळा निम्मं केलं की संगणकाची अचूकता संपते. तरी मार्ग शेवटी कुठल्या तरी बाजूला फुटतोच, कारण एक आयगनव्हॅल्यू एकाहून मोठी आहे आणि बारीकशी चूक दर फेरीला वाढते. स्टेडी स्टेटजवळ पोहोचला की तिथेच थांबवा, पुढचे आकडे आलेखात घेऊ नका.