तान्ह्याचा कान दुखतोय की दात येतायत, घरच्या घरी कसं ओळखायचं?

गृहभेट_आशा
सहाव्या आणि नवव्या महिन्याच्या गृहभेटीत हा प्रश्न हमखास येतो. "बाळ सारखं कान ओढतंय, दात येत असतील ना?" तोवर आजीने वाटीत तेल कोमट करायला ठेवलेलं असतं. कानात बघायचं यंत्र आशांकडे नसतं आणि दवाखाना लांब असला की घरचे 'बघू उद्या' म्हणतात. नुसतं बघून, विचारून कान दुखतोय हे कशावरून समजावं? आणि त्याच दिवशी न्या असं कधी सांगावं?

बालरोग_ओपीडी
ताई, एकट्या कान ओढण्यावर जाऊ नका. हाताला कान सापडला की बाळं तो ओढतातच, झोप आली की जास्तच. सर्दी नाही, ताप नाही, दूध नीट चाललंय, खेळतंय, तर तो कान बहुधा चांगला असतो.

आधी विचारा, सर्दी कधी झाली? नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी नळी बाळांत आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने ती सुजून बंद झाली की आतलं पाणी निचरत नाही, त्यात जंतू वाढतात आणि पडद्यावर आतून दाब येतो. म्हणून हे दुखणं सर्दीच्या पहिल्या दिवशी सहसा दिसत नाही, दोन-चार दिवसांनी दिसतं. सर्दी उतरतेय असं वाटत असतानाच पुन्हा ताप चढतो आणि रात्र रडण्यात जाते.

मग आईला तुमच्यासमोर पाजायला सांगा. यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही. कान दुखणारं बाळ भुकेने तोंड लावतं, दोन-तीन घोट ओढतं आणि किंचाळून सोडतं. ओढताना, गिळताना कानातला दाब बदलतो, त्याची ती कळ असते. भूक असतेच, म्हणून पुन्हा तोंड लावतं, पुन्हा सोडतं. नाक चोंदलं तरी बाळ दूध सोडतं, पण ते श्वासासाठी. फरक करायला प्रत्येक नाकपुडीत नाकात घालायच्या सलाईन ड्रॉप्सचे दोन थेंब टाका, दहा मिनिटं थांबा आणि परत पाजायला सांगा. नाक मोकळं होऊनही घोटागणिक रडत असेल तर कानाचा संशय धरा.

तिसरी गोष्ट, आडवं केलं की रडणं वाढतं आणि खांद्यावर उभं धरलं की थोडं शांत होतं.

दातांचं_काय
दात आणि कान यांचा घोळ होतो कारण दोन्हींचं वय एकच, साधारण सहा महिन्यांच्या पुढे. दात येताना लाळ गळते, हिरडी फुगते, बाळ हाताला लागेल ते चावतं, थोडी किरकिर असते. पण 101 फॅरनहाइटच्या वरचा ताप दाताचा नाही, हे घरच्यांना ठासून सांगा. 'दाताचा ताप' म्हणून घालवलेले दोन-तीन दिवस महागात पडतात.

वॉर्ड_सिस्टर
तेलाबद्दल स्पष्ट बोलते. खोबरेल असो, लसणीचं असो, आईचं दूध असो, कानात काहीही घालायचं नाही. दुखणं पडद्याच्या आत असतं, तेल पडद्याबाहेरच राहतं. पडदा फुटलेला असेल तर मात्र तेच तेल आत जातं. शिवाय तेलाने माखलेल्या कानात डॉक्टरांना पडदा दिसत नाही. टाळू भरा, अंगाला मालिश करा, कान सोडा. अंघोळीनंतरची धुरीही बंद करायला सांगा. धूर चुलीचा असो, बिडीचा असो की वावडिंग-ओव्याचा, त्याने नाक आणि ती नळी सुजते.

सकाळी उशीवर पिवळा डाग, कानाच्या पाळीला वाळलेली खपली आणि बाळ अचानक शांत, असं दिसलं तर पडदा फुटून पू बाहेर आलाय. दाब सुटतो म्हणून रडणं थांबतं. घरचे म्हणतात बरं झालं, पण दाखवायला न्यायचंच. वाहता कान कोरडा कसा करायचा ते दाखवा: स्वच्छ, मऊ सुती कापडाची वात वळा, कानाच्या तोंडाशी ठेवा, भिजली की काढून नवी ठेवा, वात कोरडी निघेपर्यंत. असं दिवसातून तीनदा. काडीला गुंडाळलेला कापूस आत घालायचा नाही आणि बोळा बसवून कान बंदही करायचा नाही. चौदा दिवसांवर वाहत राहिला तर तो जुना आजार, कान-नाक-घसा तज्ज्ञच लागतील.

गृहभेट_आशा
पाजून बघायची युक्ती फारच उपयोगी आहे. न्यायला उशीर होणार असेल तर तोवर काय द्यावं? आणि लगेच कधी न्यायचं?

बालरोग_ओपीडी
तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर असेल तर घरी औषध न देता लगेच न्या, रात्र असली तरी. कानामागे सूज किंवा लाली, कान पुढे ढकलल्यासारखा, रडताना तोंड एका बाजूला वाकडं, टाळू फुगलेली, झटके, सुस्ती, दूध पूर्ण बंद किंवा प्यायलेलं सगळं उलटतंय, यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघायची नाही. बाकी संशयित कान त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी दाखवा. सहा महिन्यांच्या आत तर थांबून बघण्याचा प्रश्नच नाही.

तीन महिन्यांच्या पुढे दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. चूक होते ती बाटलीत. 8 किलोच्या बाळाला 120 मिलिग्रॅम लागतं. '5 मिलीत 120' लिहिलेल्या सिरपचे ते 5 मिली होतात. '5 मिलीत 250'चे 2.4 मिलीच. '1 मिलीत 100'च्या थेंबांचे 1.2 मिली. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला तर डोस दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो. म्हणून बाटलीवरचा आकडा तुम्ही स्वतः वाचा आणि सुई नसलेल्या सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्या. अॅस्पिरिन नाही. घरात उरलेलं अँटिबायोटिकही नाही. दिलंच तर डॉक्टर देतील, आणि दिलं की सांगितलेले सगळे दिवस.

वॉर्ड_सिस्टर
त्याच भेटीत दोन गोष्टी बघून घ्या. बाटली लागली असेल तर बाळ आडवं ठेवून पाजत नाहीत ना? डोकं वर हवं. आणि लसीच्या कार्डावर पीसीव्हीचे, म्हणजे न्यूमोकोकस जंतूविरुद्धच्या लसीचे, सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने असे तिन्ही डोस पडलेत का? न्यूमोकोकस जंतूने होणारं कानाचं दुखणं त्या लसीने कमी होतं.