कोयनेत पाणी कमी झालं तर आमच्या मोटारीला काय फरक पडते?

आर्णीचा_शेतकरी
राम राम मंडळी. हरभऱ्याला पाणी देऊन राहिलो सध्या. या आठवड्यात थ्री फेज रात्री १० ला येते ते सकाळी ६ पर्यंत, म्हणजे रात्रभर वावरातच, एका हातात बॅटरी न दुसऱ्या हातात स्प्रिंकलरचा पाईप. आता प्रश्न असा आहे की दर उन्हाळ्यात बातमी येते, कोयनेचं पाणी घटलं, वीजटंचाई होणार. मले हे समजत नाही. कोयना तिकडे साताऱ्यात, आमची लाईट तर चंद्रपूरच्या कोळशाची असं लहानपणापासून ऐकत आलो. मग कोयना कायले मधात येते? आणि एवढ्या जुन्या धरणावर अजून किती वीज होते? कोणाले नीट माहीत असेल तर सांगा, मुलगा दहावीत आहे, त्यानंच विचारलं न मले सांगता नाही आलं.

बॉयलर_चंद्रपूर
भाऊ मी औष्णिक केंद्रात १४ वर्षं आहे, माझ्या बाजूनं सांगतो. चंद्रपूरची वीज आर्णीला न कोयनेची पुण्याला असं वाटप नसते, सगळी एकाच ग्रीडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या एकाच जाळ्यात जाते, एका विहिरीत चार झरे असल्यासारखं. आमचं केंद्र २९२० मेगावॅटचं, पण बॉयलर एकदा थंड पडला की पुन्हा संच, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, चालू करायला कितीतरी तास लागतात, आणि चालू असला तरी मनात आलं न झटक्यात वाढवला असं होत नाही. इकडे संध्याकाळी सहा-सातला काय होते, घराघरात दिवे, टीव्ही, मिक्सर, सगळं एका वेळी लागते, न आता तर त्याच वेळी सोलरही बंद पडते. मागणी एकदम चढली न तेवढी वीज आली नाही तर ग्रीडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरते, मग कुठले तरी फीडर, म्हणजे गावोगावी जाणाऱ्या लाईनी, बंद करावे लागतात, आणि त्यात पहिले कोण जाते ते तुम्हाले माहीतच आहे. अशा वेळी कोयनेला फोन जातो. तिथं पाण्याचा झोत सोडला की काही मिनिटांत संच लोड घेते. मागणी उतरली की बंद. म्हणून कोयनेची किंमत तिनं वर्षभरात किती युनिट दिले यावरून काढू नका, कोणत्या घटकेला दिले ते पाहा.

वाशीम_ते_चिपळूण
मी वाशीमचा, पण आयटीआय झाल्यावर वर्षभर पोफळीला कोयनेच्या वीजघरात अप्रेंटिस होतो. ते वीजघर डोंगराच्या पोटात आहे, गाडी बोगद्यातून आत जाते. पहिल्या दिवशी मला आवाजापेक्षा पायाखालची थरथर आठवते, चपलेतून वर येत होती, आणि भिंती घामेजलेल्या, हात लावला की ओला. कोयना नदी खरं म्हणजे पूर्वेकडची, कराडला कृष्णेला मिळते. धरणानं ती अडवली आणि पाणी सह्याद्रीच्या आतून बोगद्यानं पश्चिमेला कोकणात सोडलं. जवळपास पावणेपाचशे मीटरचा उतार मिळतो, ही सगळी जादू त्या उताराची. तिथल्या इंजिनियर साहेबांनी आम्हाला फळ्यावर हिशोब करून दाखवला होता, हजार लिटर पाणी तेवढं खाली आलं की एक युनिटपेक्षा थोडी जास्त वीज. ते वहीत अजून आहे माझ्या. आणि खाली आलेलं पाणी वाया नाही जात, कोळकेवाडी धरणात पुन्हा अडवून तिसऱ्या टप्प्यात परत वीज काढतात, मग ते वाशिष्ठी नदीत.
पहिला संच १९६२ चा. आता चारही टप्पे न धरणपायथ्याचं वीजघर मिळून १९६० मेगावॅट, त्यातला १००० एकट्या चौथ्या टप्प्याचा. त्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये भरलेल्या जलाशयाला खालून बोगदा जोडला, लेक टॅपिंग म्हणतात, २०१२ मध्ये अजून खालच्या पातळीवर परत केलं, म्हणजे उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तरी संच चालावे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, कोयनानगर पडलं, माणसं गेली, धरणाला तडे गेले, ते नंतर बुजवून धरण मजबूत केलं. त्यातून उठून तिथली माणसं अजून वीज देत आहेत याचा मला फार आदर आहे.

मेहकरकर
पाणी कमी झालं की बातमी का येते त्याचं उत्तर राहिलं. धरणात १०५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावते पण पश्चिमेला विजेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीच सोडायची परवानगी आहे, कृष्णा लवादानं ठरवून दिलेलं. वर्ष १ जूनला सुरू होते. म्हणून पाणी रेशनसारखं पुरवून वापरावं लागते, मे महिन्यात कोटा संपत आला की संध्याकाळची ओढाताण सुरू. आणि एक मनातलं बोलतो, ज्यांची गावं त्या पाण्याखाली गेली त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून मिटले नाहीत. गोसेखुर्दचं पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पारशिवनीची_लेक
आपल्या विदर्भातलं पण सांगा की कोणी! तोतलाडोहला पेंच नदीवर ८० मेगावॅटचे दोन संच आहेत. दोन राज्यांचा प्रकल्प, दोन हिस्से वीज मध्यप्रदेशाला न एक हिस्सा आपल्याला. पण आमच्यासाठी वीज नंतर, पाणी पहिले. संच फिरवून निघालेलं पाणी खाली नवेगाव खैरीला येते, तिथून नागपूर शहर पिते न आमच्या धानाला कालवे सुटतात. रोवणीच्या टायमाला पाऊस दडी मारतो तेव्हा माझे बाबा रोज सकाळी कालव्यावर जाऊन पाणी किती चढलं ते काडी रोवून पाहतात, त्या काडीवर आमच्या बांधीचा निकाल असतो. २०१९ च्या उन्हाळ्यात तोतलाडोह आटलं होतं, तेव्हा विजेचं नाव कोणी काढत नव्हतं.

आर्णीचा_शेतकरी
सगळ्यांचे मनापासून आभार, पोराले बसवून वाचून दाखवलं. त्यानं लगेच वही काढली, ५ एचपीची मोटार तासाला पावणेचार युनिट, आठ तासाचे तीस, म्हणजे माझी एक रात्र पूर्ण कोयनेवर काढली तर तिथलं सत्तावीस हजार लिटर पाणी डोंगरातून खाली यावं लागते. जवळपास तीन टँकर. वाशीमवाले दादा, ते वीजघर आता साध्या माणसाले आत जाऊन पाहू देतात का? परीक्षा झाल्यावर पोराले घेऊन जायचं म्हणतो. दहा वाजून राहिले, निघतो, पाईप बदलायचे आहेत.