अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम अंग मोडते? दोष टायरचा आहे

घाटवाट:
पुण्यात सायकल घ्यायची म्हटलं की कुणीतरी सांगतंच, "अ‍ॅल्युमिनियम नको, हाडं खिळखिळी होतात." मी सहा वर्षं कोथरूड ते हिंजवडी अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलवर जातोय. रविवारी त्याच सायकलवर बोपदेव घाट, आणि २०० किमीच्या दोन बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्याही, साडेतेरा तासांच्या मुदतीत केल्या.

पहिल्या वर्षी मनगटं दुखायची, हे खरं. तेव्हा २३ मिमीचे टायर होते, हवा ११० पीएसआय. पुढे २८ मिमीचे घातले, हवा ८० वर आणली. फ्रेम तीच, खड्डे तेच, दुखणं थांबलं. खड्ड्यात फ्रेम जेवढी दबते त्याच्या कितीतरी पट टायर दबतो.

शिवाय हा धातू मुळात ताठ नाहीच, स्टीलच्या साधारण एक तृतीयांश ताठ आहे. फ्रेम ताठ होते ती जाड पाइपांमुळे. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला की ताठपणा आठपट होतो. व्हिटुस ९७९ ही स्टीलसारख्या बारीक पाइपांची अ‍ॅल्युमिनियम फ्रेम तर लवचीक म्हणूनच ओळखली जायची, आणि आयर्लंडचा शर्यतपटू शॉन केली तीच चालवून शर्यती जिंकला.

जुना पाना:
टायरचं मान्य. पण तुम्ही धातूच्या थकव्याबद्दल, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून तडा जाण्याबद्दल, अवाक्षर काढलं नाहीत. स्टीलवरचा ताण एका मर्यादेच्या आत असेल तर तो कितीही वेळा पडो, तडा जात नाही. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, ताण लहान असला तरी हिशेब चढत राहतो.

माझ्या फ्रेमला आठव्या वर्षी बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलचा आस बसतो तिथे), चेनस्टेच्या, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या पाइपच्या जोडावर तडा गेला. वेल्डिंगवाल्याने हात लावायला नकार दिला, आणि त्याचं बरोबरच होतं. ६०६१ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची ताकद उष्णता-प्रक्रियेतून येते. नुसतं वेल्डिंग केलं की जोडालगतचा भाग मऊ पडतो, मग अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीत घालायला हवी. ते कोण करून देणार? वडिलांची स्टीलची सायकल मात्र पेठेतल्या गॅस वेल्डिंगवाल्याने तासाभरात जोडून दिली होती. रोज ऑफिसला जायच्या वाहनाला गावात दुरुस्ती हवीच.

घाटवाट:
दुरुस्तीचा मुद्दा बिनतोड आहे, तिथे मी हरलो. थकव्याचं मात्र अर्धंच सांगितलंत. ताण कमी असेल तर तडा जायला लागणारे फेरे प्रचंड वाढतात, आणि जाड पाइपांमुळे ताण कमीच राहतो. १९९८ ची टूर द फ्रान्स इटलीच्या पँटानीने अ‍ॅल्युमिनियमवरच जिंकली.

जुना पाना:
पँटानीला सायकल दहा वर्षं पुरवायची नव्हती.

खारा वारा:
रत्नागिरीहून लिहितेय. इथे थकव्याच्या आधी गंज येतो. माझी स्टीलची फ्रेम वरून चकचकीत होती, आतून सडली. पावसाचं पाणी सीट ट्यूबमधून, म्हणजे सीटखालच्या उभ्या पाइपमधून उतरून बॉटम ब्रॅकेटपाशी साचायचं, ते कळेपर्यंत उशीर झाला. आता अ‍ॅल्युमिनियम आहे, चौथा पावसाळा चाललाय. मात्र स्टीलचे बोल्ट जिथे बसतात तिथे पांढरी भुकटी धरते. दर पावसाळ्याआधी बोल्ट काढून ग्रीस लावते. सीटपोस्टलाही (सीटचा दांडा) लावा, नाहीतर तो आतच जाम होतो.

नवा गडी:
२०१५ ची अ‍ॅल्युमिनियम हायब्रिड स्वस्तात मिळतेय. कॅरियर आणि मडगार्डला भोकं आहेत. रोजचे १८ किमी. घेऊ का?

घाटवाट:
आधी पुसून घ्या, मग उन्हात उलटी धरून हँडलखालची हेड ट्यूब, बॉटम ब्रॅकेट आणि सीट ट्यूबच्या वरच्या टोकाचे जोड बघा. रंगात केसासारखी रेघ दिसली किंवा पाइपला पोचा असला तर सोडून द्या. जोड स्वच्छ असतील तर घ्या, आणि ३२ मिमीचे टायर घाला.

जुना पाना:
बघायच्या जागा बरोबर सांगितल्या आहेत. दर दोन महिन्यांनी पुन्हा बघा. मी असतो तर याच पैशात जुनी स्टीलची शोधली असती.