ब्लॉकबस्टर्स: एकट्याविरुद्ध दोघं, हा अन्याय नव्हता का?

शब्दवेडी:
८० च्या दशकात आम्ही काही वर्षं इंग्लंडमध्ये होतो, शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि आयटीव्ही वाहिनीवर ब्लॉकबस्टर्स हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम बघायचं. षटकोनांचा बोर्ड, प्रत्येकात एक अक्षर, ते मागायचं आणि सूत्रसंचालक बॉब होलनेस त्या अक्षराने सुरू होणारं उत्तर येईल असा प्रश्न विचारणार. बरोबर उत्तराला तो षटकोन आपल्या रंगाचा, आणि असे षटकोन जोडत बोर्डाच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत वाट करायची. खेळणारी मुलं १६ ते १८ वर्षांची, मला ती केवढी हुशार वाटायची! पण एका बाजूला एकटा आणि दुसरीकडे जोडी, हे तेव्हापासून खटकतंय. आणि दोघांनी एकमेकांची वाट अडवली तर डाव बरोबरीत सुटायचा का?

जुनाप्रेक्षक:
काय आठवण काढलीत! एकट्याला सवलत होती की. बोर्ड ५ उभ्या रांगा आणि ४ आडव्या, म्हणजे २० षटकोन. एकट्याने पांढऱ्या रंगाने वरून खाली जायचं, कमीत कमी ४ उत्तरं, जोडीला निळ्याने डावीकडून उजवीकडे, म्हणजे कमीत कमी ५. शिवाय जोडी असली तरी बझर आधी दाबणं महत्त्वाचं, तिथे दोन डोकी असून फार फरक पडत नाही असं मला वाटतं. बरोबर उत्तराला ५ पौंड मिळायचे, आणि गोल्ड रन या शेवटच्या फेरीत ६० सेकंदांत बोर्ड पार करायचा, चुकलं की तो षटकोन काळा, वळसा घालून जा. मी तर श्वास रोखून बघायचो.

षटकोन:
बरोबरी होऊच शकत नाही, आणि या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. चौकोनी पटावर एका कोपऱ्यात चार घरं भिडतात, त्यामुळे तिरकी अडवाअडवी होऊन दोघांच्याही वाटा बंद होऊ शकतात. षटकोनांत कोपऱ्याला तीनच घरं, म्हणून निळ्याला पूर्ण अडवायचं तर पांढऱ्याची अखंड साखळीच लागते आणि ती झाली म्हणजे पांढरा जिंकलाच!

शब्दवेडी:
अरे वा, इतक्या वर्षांनी कळलं, दोघांचे मनापासून आभार. भाचरांसाठी पुठ्ठ्यावर मराठी बोर्ड करायला घेतलाय, फक्त ण आणि ळ ठेवता येत नाहीत, त्यांनी शब्दच सुरू होत नाही. ठ ला पुरेसे प्रश्न निघतील का?

जुनाप्रेक्षक:
निघतील की, ठसका, ठिणगी, ठोकळा, ठेच... ढ ला मात्र जास्त वेळ ठेवा.